फॉरमॅट मारायच्या आधी जरा थांबा राव

घरचा पीसी सारखा बंद पडायला लागला की आपल्याकडे त्यावर एकच औषध, फॉरमॅट. दुकानात नेला की तिथला पोरगा साइडचं पॅनेल पण उघडत नाही, "विंडोज करप्ट झालंय साहेब, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा", झालं. पाचशे रुपये, डेटा ठेवायचा असेल तर वर अजून काहीतरी. आणि गंमत अशी की पुढचे काही दिवस मशीन खरंच बरं चालतं, आपल्याला वाटतं पोरगा हुशार आहे, आणि मग ऐन कामात परत निळा स्क्रीन. मग दुसरं दुकान, तिथे "हार्ड डिस्क गेलीय". तिसऱ्या ठिकाणी "मदरबोर्डच गेलाय, आता यात पैसे घालू नका, नवीनच घ्या". आमच्या घरच्या मशीनचं हे सगळं करून झालं आणि शेवटी जे निघालं ते या तिघांपैकी कोणीच सांगितलेलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मशीन तसं काही जुनंपुराणं नाही. २०२० मध्ये लॉकडाऊन उठता उठता असेंबल करून घेतलेलं, रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि टेबलाखाली कोपऱ्यात ६०० व्हीएचा यूपीएस. आम्ही राहतो कराडला, सोसायटीत. दिवसा त्यावर बायको बसते, तीन-चार दुकानांचे हिशोब आणि जीएसटीची कामं घरून करते, संध्याकाळी मुलगी, तिचं डिप्लोमाचं कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर), आणि उरलेल्या वेळात मी. त्यामुळे मशीन गेलं की ओरड दोन्हीकडून, त्यात जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची तारीख असते दर महिन्याची २०, त्या आठवड्यात तर घरातलं वातावरण विचारू नका. "अहो, परत गेला तुमचा कॉम्प्युटर!" बंद पडला की तो माझा, चालू असतो तेव्हा तिचा.

पहिलं काम मी काय केलं तर कीबोर्डच्या शेजारी एक शंभरपानी वही ठेवली आणि दोघींना सांगितलं की बंद पडला की मला हाक मारू नका, आधी वहीत लिहा. किती वाजता, काय काय चालू होतं, आणि नेमकं कसं गेलं, निळा स्क्रीन आला की एकदम अंधार. मुलीनं सुरवातीला तोंड वाकडं केलं पण लिहायला लागली. तिच्या नोंदी अशा, "निळा, रडका चेहरा, क्रोम आणि कॅड". बायकोच्या बघा, "सकाळी ६.४०, खाली टक् वाजलं आणि गेला, मॉनिटरवर नो सिग्नल". थोड्या नोंदी जमल्यावर पान समोर धरलं आणि सरळ दिसायला लागलं की हा एक आजार नाहीचे, दोन आहेत. निळा स्क्रीन येतो तो कधीही, वेळकाळ नाही. टक् होऊन जातो तो मात्र सकाळी साडेसहा-सातला नाहीतर संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आणि त्यात निळाबिळा काही नाही, थेट रीस्टार्ट. हे दोन वेगळे केले नसते तर मी आजही रॅम बदलून वर म्हणत बसलो असतो की फरक पडत नाही, कारण एक बरा झाला तरी दुसरा चालूच राहिला असता ना.

आता यात एक घोळ होऊ शकतो. विंडोजमध्ये मुळातच एक सेटिंग ऑन असतं, निळा स्क्रीन आला की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, कधी कधी इतकं पटकन की तुम्हाला निळं काही दिसतच नाही आणि वाटतं लाइट गेल्यासारखा गेला. ते आधी बंद करा. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढून टाका. मग निळा आला तर तो स्क्रीनवर थांबून राहतो, मोबाइलने फोटो काढा. (आणि निळाच शोधत बसू नका, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी तो काळा करून टाकलाय, रडका चेहरा पण काढला. एवढ्या वर्षांची ओळख, असो.)

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही. नवख्या माणसाला त्यात एवढी लाल-पिवळी चिन्हं दिसतात की वाटतं मशीन आता जातंच, पण चांगल्या मशीनमध्येही ती असतातच, घाबरायचं नाही. त्यापेक्षा स्टार्टमध्ये रिलायबिलिटी हिस्टरी टाइप करा, तिथे दिवसवार तक्ता येतो आणि कोणत्या दिवशी काय कोसळलं ते सोप्यात कळतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगला जाऊन फक्त कर्नल-पॉवर ४१ शोधायचं. या ४१ वर नेटवर जेवढा गैरसमज आहे तेवढा कशावरच नसेल. लोक "४१ चा इलाज" शोधतात आणि मग कुणीतरी सांगतं ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, कुणी सांगतं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. अहो, ४१ हे कारण नाहीये. मशीन परत चालू झाल्यावर विंडोज एवढंच लिहून ठेवतं की मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं, बास. खरा माल त्याच्या डिटेल्स टॅबमध्ये आहे, बगचेककोड नावाची ओळ.

तिथे शून्य असेल तर विंडोजला स्वतःलाच कळलेलं नाही काय झालं, म्हणजे एकतर वीज तुटली किंवा मशीन इतकं ठार गोठलं की लिहायलाही वेळ मिळाला नाही. शून्य नसेल तर निळा स्क्रीन येऊन गेलाय आणि तो आकडा त्याचा कोड आहे. हा आकडा आपल्या साध्या दशमानात असतो आणि नेटवरचे सगळे कोड हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायची पद्धत), म्हणून लोकांना शोधून सापडत नाही. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडला टाकून बदलून घ्या. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, ८० म्हणजे पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, ५९ सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन, २९२ आला तर व्हीया अनकरेक्टेबल एरर, तो सहसा थेट हार्डवेअरकडे बोट दाखवतो. त्याच यादीत पॉवरबटनटाइमस्टॅम्प म्हणून अजून एक ओळ असते, ती शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरून मशीन बंद केलंय. (आमच्याकडे अशा नोंदी निघाल्या आणि घरात कोणीच कबूल झालं नाही.)

वही आणि ४१ च्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर अगदी जुळलं. टक् वाल्या सगळ्या वेळांना शून्य. निळ्या वाल्यांना २६, ८०, ५९, मधेच १०, दर वेळी वेगळं.

आता निळा स्क्रीन आल्यावर विंडोज एक डंप फाइल बनवतं, म्हणजे पडताना मेमरीत काय चाललं होतं त्याची नोंद, ती विंडोज फोल्डरमध्ये मिनीडंप म्हणून असतं. आमच्याकडे ते फोल्डर रिकामं. का, तर भाच्यानं सुट्टीत येऊन गेम फास्ट चालावा म्हणून कुठला तरी व्हिडिओ बघून पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद केलेली. "मामा, सोळा जीबी आहे, लागत नाही ती!" पेज फाइल सी ड्राइव्हवर नसेल तर डंप लिहायला जागाच नाही रे बाबा. ती परत चालू केली आणि मग डंप जमायला लागले. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात ते उघडतात, खोलात जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच विनडीबीजी आहे. इथे परत एक सापळा, जवळपास प्रत्येक डंपमध्ये एनटीओएसकर्नल या फाइलचं नाव येतं आणि माणूस म्हणतो विंडोज करप्ट. ती फाइल म्हणजे विंडोजचा गाभा आहे, गोंधळ कुणीही घातला तरी शेवटी पडतं तिच्याच अंगावर. बघायचं असतं ते हे की दर डंपमध्ये तोच एक बाहेरचा ड्रायव्हर येतोय का.

सॉफ्टवेअरचा दोष असला की तो बहुतेक वेळा शिस्तीत येतो, तोच कोड, तीच फाइल, तेच काम करताना. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली, आपल्याकडे एअरपोर्टवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले, पण सगळीकडे एकच फाइल आणि सारखाच दोष, म्हणून काही तासांत उलगडलं. हार्डवेअरचा दोष मात्र असा सरळ येत नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं बघा ना, गेममध्ये एरर यायची "व्हिडिओ मेमरी संपली", लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत होते आणि दोष निघाला प्रोसेसरमध्ये, त्याला जास्त व्होल्टेज मिळून तो हळूहळू खराब होत होता. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, बायोस अपडेटमधून येतं) काढला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवून दिली. ज्यांच्याकडे त्या पिढीचा मोठा प्रोसेसर आहे आणि मशीन पडतंय त्यांनी बाकी काही करायच्या आधी बायोस अपडेट केलाय का ते बघा. आणि मायक्रोकोडने पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही, तेव्हा अपडेटनंतरही पडत असेल तर वॉरंटीत द्या.

आमच्या डंपमध्ये शिस्त नव्हती. आज ग्राफिक्सचा ड्रायव्हर, उद्या नेटवर्कचा, परवा चक्क अँटीव्हायरस. शिवाय एक गोष्ट बायको बरेच दिवस म्हणत होती आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं, की क्लायंटने पाठवलेल्या झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येते, म्हणजे फाइल बिघडलीय असं म्हणतं, आणि तीच फाइल मोबाइलवर बरोबर उघडते. क्रोमचे टॅब पण मधेच मरायचे. हे सगळं एकत्र दिसलं की सत्तर टक्के रॅमच समजा. (सत्तर माझ्या अंदाजाने हो, सर्व्हे नाही केलाय.)

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे डोक्यात बसेल. एका आठ जीबीच्या रॅममध्ये ६,८७१ कोटींच्या वर बिट असतात. त्यातला एक जरी अडकून बसला, शून्य लिहिलं तरी एकच वाचून देतो असा, तरी बास आहे. चाळीतल्या एका खोलीचं छत गळकं असावं तसं, जो भाडेकरू येईल तो भिजणार, आज ग्राफिक्सचा ड्रायव्हर तिथे राहायला आला तर तो पडेल, उद्या टॅलीचा डेटा आला तर तो, आणि क्रोममधलं एखादं चित्र आलं तर फक्त एक ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल, तुम्हाला कळणारही नाही. म्हणून दर वेळी वेगळा कोड. सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी असते, दर ६४ बिटांमागे ८ जादा, एक बिट चुकला तर तिथल्या तिथे सुधारते, आपल्या घरच्या मशीनमध्ये ती नसते. लिनक्सचा कर्ताकरविता लिनस टोरवाल्ड्स, त्याच्या स्वतःच्या मशीनची रॅम २०२२ मध्ये अशीच खराब झाली होती, त्यालाही आधी वाटलं की कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नवीन कोडमध्येच बग आहे. तिथे त्याची ही गत, तर आपल्या नाक्यावरच्या पोराला काय बोलणार.

आणि हेच कारण आहे की रॅम खराब असताना फॉरमॅट मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे. विंडोज इन्स्टॉल होताना प्रत्येक फाइल रॅममधूनच डिस्कवर जाते, त्यातली एखादी त्या गळक्या जागेतून गेली की कोरं करकरीत विंडोज पहिल्या दिवसापासूनच करप्ट. दुसऱ्या दुकानात नेमकं हेच झालं असणार, त्याचं इन्स्टॉलेशन मधेच "फाइल कॉपी होत नाही" म्हणून अडकलं आणि त्यावरून त्यानं ठरवलं की हार्ड डिस्क गेली. डिस्कची क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेल्थ बघितली तर ठणठणीत. बॅकअपचंही तेच, खराब रॅममधून काढलेला बॅकअप स्वतःच खराब निघू शकतो, म्हणून आधी रॅमचं बघा मग बॅकअप घ्या, आणि जुन्या बॅकअपवर नवीन चढवू तर अजिबात नका.

तर मेमटेस्ट८६ प्लस, रॅम तपासायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, पेन ड्राइव्हवर टाकायचं आणि त्यावरून मशीन बूट करायचं, विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतं म्हणून जवळपास सगळी मेमरी तपासता येते. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक पण आहे पण त्याच्यातून बारीकसारीक दोष बऱ्याचदा सुटतो, ते पास झालं म्हणून खूश होऊ नका. रात्री जेवणं झाल्यावर लावलं. सुरवातीच्या टेस्ट हिरव्या गेल्या, मुलगी म्हणाली बघ बाबा, रॅम चांगली आहे. मूव्हिंग इनव्हर्जन्स नावाची टेस्ट सुरू झाली आणि लाल ओळ पडली. मग अजून एक. पत्ता प्रत्येक वेळी जवळपास तोच, आणि काय अपेक्षित होतं नि काय मिळालं ते शेजारी शेजारी दाखवतात त्यात फरक एकाच आकड्याचा. मेमरीच्या टेस्टमध्ये "थोड्याच एरर आहेत, चालतंय" असं काही नसतं, एक लाल ओळ म्हणजे नापास.

पण नापास कोण ते अजून ठरायचं होतं. रॅम, स्लॉट, का सेटिंग? बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं प्रोफाइल असतं, रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेलं असतं तो वेग बहुतेक वेळा हे ऑन केल्यावरच मिळतो, आणि ते म्हणजे थोडक्यात कंपनीनेच सांगितलेलं ओव्हरक्लॉकिंग, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. काही बोर्डांना ते झेपत नाही, विशेषतः चारही स्लॉट भरलेले असले की. म्हणून आधी एक्सएमपी बंद करून परत टेस्ट. एरर तशाच. मग दोन्ही काढल्या आणि एक एक लावून बघितली, एकटी रॅम सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते, बोर्डाच्या पुस्तिकेत असतं ते. पहिली रात्रभर स्वच्छ. दुसरी लावली आणि पहिल्याच फेरीत लाल. तीच दुसरी वेगळ्या स्लॉटमध्ये, तिथेही लाल. चांगली तिच्या जागी, स्वच्छ. म्हणजे स्लॉट निर्दोष, रॅम दोषी. हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कितीही कंटाळा आला तरी. तीन गोष्टी बदलून मशीन बरं झालं तर नक्की कशानं झालं ते कळत नाही.

मधे खोडरबराचा प्रयोगही झाला, तो झाल्याशिवाय आपल्याकडे रॅमचा तपास पूर्ण होत नाही. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, चुरा ब्रशने झाडायचा आणि परत बसवायची. हसू नका, दमट हवेत पट्ट्यांवर थर चढतो आणि त्यानं खरंच काम होतं कधी कधी, कोकणात तर पावसाळ्यानंतर हमखास. आमच्या केसमध्ये नाही झालं. आतली चिपच गेली असेल तर रबर काय करणार.

गरम होण्याचं पण बघून घेतलं, कारण प्रत्येक जण तेच सांगतो, "थर्मल पेस्ट बदला". एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिंग चालू करून ठेवायचं, ते दर दोन सेकंदाला फाइलमध्ये आकडे लिहितं, मशीन पडलं तरी बहुतेक शेवटच्या ओळी फाइलमध्ये राहतात. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, आमचं कॅडमध्येही ८० च्या खाली. आणि तापलेला प्रोसेसर सहसा आधी मंद होतो, एकदम बंद नंतर पडतो. धूळ मात्र बेसुमार निघाली, ब्लोअर मारला, पंखे बोटाने धरून, नाहीतर हवेनं ते गरागरा फिरतात आणि खराब होतात.

रॅम काढून ठेवली आणि निळा स्क्रीन गायब झाला. टक् मात्र चालू!

आता हे टक् कुठून येतं तर टेबलाखालून. यूपीएसमधली रिले, म्हणजे वीज आपोआप बदलणारा स्विच. वहीतल्या वेळा परत बघितल्या, साडेसहा-सात आणि संध्याकाळी पाच, आणि बायकोनेच ओळखलं, "अहो, पाण्याची मोटर लावतात ना तेव्हा". सोसायटीची टाकी भरायची वेळ. मोटर चालू होताना पहिला क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज दबतं, ट्यूबलाइट डोळा मिचकावते, यूपीएसला वाटतं लाइट गेली आणि तो बॅटरीवर जातो. जायला पाहिजे तसाच जातो. फक्त बॅटरी मेलेली होती.

आणि ही बॅटरी मेलेली आहे हे यूपीएस सांगत नाही हो. हिरवा दिवा मस्त चालू. आत १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची शिसाची बॅटरी असते, दोन-तीन वर्षं टिकते, उन्हाळ्यात खोली तापत असेल तर त्याहून कमी, आमची तर मशीनबरोबर आलेलीच. मल्टीमीटर लावला तर साडेबारा दाखवते, अगदी तंदुरुस्त, म्हणून नुसत्या मीटरवर जाऊ नका. मी पीसी बंद करून यूपीएसला जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. चांगली बॅटरी एवढा बल्ब अर्धा तास तरी सहज ओढते. आमची? बल्ब लागलाच नाही म्हणा, एक लांब पीं आणि अंधार.

यातली खरी मजा अशी की यूपीएस नसता तर मशीन बंद पडलंच नसतं. एसएमपीएसच्या कॅपॅसिटरमध्ये साधारण १५-१६ मिलिसेकंद पुरेल एवढी वीज साठलेली असते, चांगला यूपीएस त्याच्या आत बॅटरीवर जातो. शिवाय आमचा एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालणारा आहे, मोटरच्या त्या झटक्याला तो सहज पचवतो. म्हणूनच तर मॉनिटर जात नव्हता, तो थेट भिंतीवर होता. मधे बसलेला यूपीएस संरक्षण म्हणून वीज स्वतःकडे घेत होता आणि पुढे काहीच देत नव्हता. खात्री म्हणून यूपीएस काढून पीसी थेट सॉकेटला लावला, मोटरच्या वेळेला मुद्दाम समोर बसलो, ट्यूब मिचकावली, पीसी हललाही नाही. नवीन बॅटरी हजाराच्या आतबाहेर येते, जुनी दुकानदार परत घेतो आणि थोडे पैसे कमी करतो, कचऱ्यात टाकू नका, शिसं आहे त्यात. लाल वायर प्लसला, काळी मायनसला, चार स्क्रू, एवढंच काम. यूपीएस भिंतीपासून काढून मगच उघडा हे सांगायला नको.

सॉकेट तपासताना अजून एक सापडलं. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या, आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की कोणी बोलतही नव्हतं. अर्थिंग नसलेल्या घरात हे होतंच. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला, गळणारी ती थोडी वीज अर्थमधून जावी अशी योजना असते. अर्थच नसला की पत्रा दोघांच्या मधे लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर. मीटरने किचनच्या चांगल्या अर्थपासून मोजलं तर ११० च्या आसपास. करंट अगदी कमी असतो म्हणून जोराचा धक्का बसत नाही, पण पेन ड्राइव्ह लावताना काहीतरी जळू शकतं, आणि एसएमपीएसमध्ये खरंच शॉर्ट झाला तर तो पत्रा जीवघेणा आहे. वायरमन बोलावला, त्यानं बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत आलेली आहे पण टोकाला टेप गुंडाळून दुमडून ठेवलेली, जोडलेलीच नाही! बिल्डिंग झाल्यापासून. एक सांगतो, काही वायरमन अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडून "झालं काम" म्हणतात, तसं अजिबात करू देऊ नका, न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खा कॅबिनेट फेजवर येतो.

रॅमचं म्हणाल तर त्यावर लाइफटाइम वॉरंटी होती, बिल सापडलं, सिरियल नंबरचा स्टिकर शाबूत होता, मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचा फोटो जोडून कुरियर केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण वेळ लागला, मधल्या काळात आठ जीबीवर टॅली आणि कॅड असं रडतखडत चालवलं. नवीन घेऊन टाकावी असं वाटत होतं पण २०२५ च्या शेवटापासून एआयवाल्यांच्या डेटा सेंटरनी मेमरी अशी काही उचललीय की भाव विचारून घरी आलो. बदलून आलेली रॅम बसवायच्या आधी तिलाही रात्रभर मेमटेस्टला लावली, वॉरंटीत आलेली म्हणजे चांगलीच असेल असं काही नाही. स्वच्छ निघाली. मग विंडोज एकदा नव्याने टाकलं, यावेळी खरंच गरज होती कारण आधीच्या कॉपीत काय काय सडलंय कोण शोधणार, आणि टॅलीचा डेटा क्लायंटकडच्या छापील बॅलन्सशी ताडून घेतला, त्यात बायकोचे दोन रविवार गेले आणि त्याबद्दल ती मला अजून ऐकवते. मुलीला एक्सएमपी परत ऑन करून पाहिजे, गेमला फरक पडतो म्हणे. २० तारीख होऊन जाऊ दे, मग बघू म्हटलंय.